व्लादिमिर जानिबेकोव्ह: गोठलेलं अंतराळस्थानक हातांनी जिवंत करणारा अंतराळवीर

आकाशमित्र

रशियन अंतराळवीर म्हटलं की आपल्याकडे गागारिन, तेरेश्कोवा आणि लिओनोव्ह ही नावं पटकन आठवतात. राकेश शर्मांच्या उड्डाणाबद्दल वाचलेली मंडळी मालिशेव्ह आणि स्त्रेकालोव्ह यांचीही नावं सांगतील. व्लादिमिर जानिबेकोव्ह हे नाव मात्र हल्ली दिसतं ते गरगर फिरणाऱ्या एका नटच्या (नट-बोल्टमधला नट) व्हिडिओखाली, आणि त्याच्या जोडीला 'पृथ्वी अशीच एक दिवस उलटणार' असली भाकितं. पाच वेळा अंतराळात गेलेल्या आणि पाचही वेळा यानाचं नेतृत्व केलेल्या माणसाची एवढीच ओळख उरावी, हे मला फार खटकतं. म्हणून हा धागा काढतोय.

जन्म १३ मे १९४२ चा, ताश्कंदच्या परिसरातल्या इस्कंदर या गावी. ते आज उझबेकिस्तानात आहे. जन्माचं आडनाव क्रिसिन. लिलिया जानिबेकोवा यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांनी पत्नीच्या घराण्याचं आडनाव घेतलं. हे घराणं स्वतःला सुवर्ण टोळी या जुन्या मंगोल राज्याच्या जानिबेक खानाचे वंशज मानणारं. सासऱ्यांना मुलगा नव्हता आणि नाव पुढे चालावं ही त्यांची इच्छा. लेनिनग्राद विद्यापीठात वर्षभर भौतिकशास्त्र शिकले, मग ते सोडून येस्कच्या हवाईदल विद्यालयात गेले. १९६५ साली तिथून बाहेर पडल्यावर काही वर्षं इतरांना विमान चालवायला शिकवलं. १९७० साली अंतराळवीर तुकडीत निवड झाली. अमेरिकेबरोबरच्या अपोलो-सोयूझ मोहिमेसाठी राखीव चमूत होते. स्वतःचं पहिलं उड्डाण मिळायला १९७८ उजाडलं.

आता त्यांची उड्डाणं ओळीनं बघा.

जानेवारी १९७८, सोयूझ-२७, सोबत ओलेग माकारोव्ह. साल्यूत-६ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर रोमानेंको आणि ग्रेच्को आधीच होते आणि त्यांचं यानही एका टोकाला जोडलेलं होतं. जानिबेकोव्ह दुसऱ्या टोकाला जोडले गेले. एका स्थानकाला एकाच वेळी दोन सोयूझ यानं, ही जगातली पहिली वेळ. मार्च १९८१ मध्ये मंगोलियाच्या गुर्राग्चा यांना घेऊन ते पुन्हा साल्यूत-६ वर गेले. जून १९८२ मध्ये इवान्चेन्कोव्ह आणि फ्रान्सचे झाँ-लू क्रेतियँ यांच्यासह नव्या साल्यूत-७ कडे निघाले. स्थानक साधारण ९०० मीटरवर असताना यानाच्या संगणकानं दगा दिला. जानिबेकोव्ह यांनी नियंत्रण हातात घेतलं आणि ठरलेल्या वेळेच्या आधीच यान जोडून दाखवलं. जुलै १९८४ मध्ये चौथं उड्डाण, सोबत स्वेत्लाना सावित्स्काया आणि इगोर वोल्क. २५ जुलैला सावित्स्काया स्थानकाबाहेर पडल्या, स्पेसवॉक करणारी पहिली स्त्री म्हणून. त्या साडेतीन तासांत बाहेर त्यांच्या जोडीला जानिबेकोव्ह होते.

हाताने डॉकिंग, स्थानकाबाहेरचं काम, साल्यूत-७ चा कोपरा न् कोपरा माहीत असणं. नियतीनं एकेक गोष्ट शिकवून ठेवली होती असंच वाटतं.

ऑक्टोबर १९८४ मध्ये शेवटचा चमू उतरला आणि साल्यूत-७ रिकामं फिरू लागलं. ११ फेब्रुवारी १९८५ ला एका ट्रान्समीटरचं संरक्षक सर्किट तुटलं आणि यंत्रणा आपोआप दुसऱ्यावर गेली. जमिनीवरून पहिलाच पुन्हा चालू करायची आज्ञा पाठवली गेली. त्यानंतर स्थानक गप्प झालं. आज्ञा घेईना, माहिती पाठवेना. मार्चच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांतून स्थानकाचा कार्यक्रम पूर्ण झाल्याचं जाहीर झालं, आणि आत मात्र तिथे माणसं पाठवायची तयारी सुरू झाली.

मेलेल्या स्थानकाला जोडायचं म्हणजे काय, हे नीट लक्षात घ्यायला हवं. सोयूझची 'इग्ला' ही यंत्रणा दोन्ही बाजूंनी बोलते: यान हाक मारतं, स्थानक ओ देतं आणि तोंड फिरवून उभं राहतं. इथे ओ देणारंच कोणी नव्हतं. एप्रिल १९८३ मध्ये सोयूझ-टी-८ चा रडार अँटेना तुटला होता. कमांडर तितोव्ह यांनी नजरेच्या अंदाजानं याच स्थानकाजवळ जायचा प्रयत्न केला, पण अंतर आणि वेग कळेना. टक्कर होईल म्हणून त्यांना बाजूनं निघून जावं लागलं. त्या यानात स्त्रेकालोव्हही होते, जे वर्षभरानं राकेश शर्मांबरोबर त्याच स्थानकावर गेले.

म्हणून सोयूझ-टी-१३ वेगळं बांधलं. तिसरी खुर्ची काढली, स्वयंचलित डॉकिंगची यंत्रणा काढली, त्या जागी इंधन आणि पाणी वाढवलं. लेझरनं अंतर मोजायचं उपकरण आणि अंधारात बघायची दुर्बीण दिली. नियंत्रणाच्या मुठी बाजूच्या खिडकीपाशी बसवल्या, म्हणजे बाहेर बघत यान हाकता यावं. कमांडर म्हणून जानिबेकोव्ह आणि अभियंता म्हणून विक्टर साविनिख. ६ जून १९८५ ला बैकानूरहून निघाले आणि ८ जूनला पोचले. जमिनीवरच्या रडारांनी त्यांना जवळ आणून सोडलं. तिथून पुढे साविनिख अंतराचे आकडे वाचत होते आणि जानिबेकोव्ह खिडकीतून बघून यान सरकवत होते. सौर पॅनेलं वेडीवाकडी वळलेली दिसली, म्हणजे आत वीज नाही हे बाहेरूनच कळलं. पुढच्या बाजूला वळसा घालून त्यांनी यान जोडलं.

आत जाताना झडप उघडून हवेचा दाब जुळवला. मग गॅस मास्क, लोकरी टोप्या, केसाळ अस्तराचे कपडे आणि हातात बॅटरी. मिट्ट काळोख. स्थानकात एरवी पंख्यांची घरघर कधी थांबत नाही, तिथे चिडीचूप. भिंतींवर हिमाचा थर. तापमापकाचा आकडा शून्याच्या किती खाली गेलाय हे कळायला मार्ग नाही, तेव्हा खालून विचारणा झाली की भिंतीवर थुंकून बघा. काही सेकंदांत थुंकी गोठली. पाण्याच्या टाक्यांमध्ये बर्फ. सोबत आणलेलं पाणी मोजकं. टाक्या वितळायला किती दिवस लागतील, याची जमिनीवर कोणी खात्री देऊ शकत नव्हतं.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, नाहीतर धागा फार लांबेल.

वायरमन

आकाशमित्र, वीज परत कशी आणली ते लिहा. माझं सगळं आयुष्य बॅटऱ्या आणि पॅनेलं यांत गेलं. बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर पॅनेलवर ऊन असूनही चार्जिंग सुरू होत नाही, कारण चार्जर चालू करणाऱ्या रिलेलाच करंट लागतो. सोलर इन्व्हर्टरच्या तक्रारीत हे नेहमीचं आहे. तिथे तर हे वजनरहित अवस्थेत, थंडीत आणि अंधारात. काय केलं त्यांनी?

आकाशमित्र

वायरमनदादा, अगदी मुद्द्यावर बोट ठेवलंत. हीच खरी अडचण होती. पॅनेलांना सूर्याकडे वळवायला वीज हवी, वीज हवी तर बॅटऱ्या हव्यात, आणि बॅटऱ्या भरायला पॅनेलं सूर्याकडे वळायला हवीत.

आठ बॅटऱ्यांपैकी दोन कामातून गेल्या होत्या, सहा वाचण्यासारख्या होत्या. मधलं सगळं नियंत्रण वगळून बॅटऱ्या सरळ पॅनेलांच्या तारांना जोडायच्या, असं ठरलं. सोळा तारांची टोकं सोलून जोडायची होती. एरवी हे काम हातमोजे काढून करायचं, पण तिथे उघड्या बोटांनी धातूला हात लावणं म्हणजे परीक्षाच. कोणत्या तारेत करंट येतोय हे बघायला त्यांनी बोट ओलं करून टोकाला लावलं.

मग जानिबेकोव्ह सोयूझमध्ये बसले आणि सोयूझचे छोटे थ्रस्टर (यान वळवणारी इंजिनं) चालवून जोडलेलं अख्खं धूड वळवून पॅनेलं उन्हात आणली. बॅटऱ्या एकेक करून भरत गेल्या. दोनतीन दिवसांत दिवे लागले.

आणि मूळ बिघाड? बॅटरी पूर्ण भरली की चार्जिंग तोडणारा एक सेन्सर होता. तो नादुरुस्त होऊन सतत 'भरली, भरली' असंच सांगत राहिला. यंत्रणा दररोज चार्जिंग सुरू करायला जायची आणि सेन्सर तोडायचा. रेडिओ चालू असता तर जमिनीवरच्या लोकांना हे दिसलं असतं आणि त्यांनी मार्ग काढला असता. रेडिओ आधीच गेल्यामुळे बॅटऱ्या निमूट उतरत गेल्या.

शेवंती

हे वाचताना हातापायांना मुंग्या आल्या. दोघांनी खाल्लं-प्यायलं काय? आणि पंखे बंद म्हणजे श्वासाचं काय? वजन नसताना गरम हवा वर जात नाही, मग सोडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडासमोरच साचून राहणार ना?

आकाशमित्र

शेवंतीताई, तेच झालं. थोडा वेळ काम केलं की डोकं दुखायचं, अंग जड व्हायचं. हात हलवून हवा ढवळायची, मग काम, मग विश्रांतीला सोयूझमध्ये. खालून सक्त सूचना होती की दोघांनी एकाच वेळी आत काम करायचं नाही. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

पाणी गरम करायचं यंत्र बिघडलं होतं, म्हणून फोटोसाठीचे प्रखर दिवे वापरून त्यांनी चहापुरतं पाणी तापवलं. अन्नाचे डबेही असेच कसेबसे गरम करत. काही दिवसांनी टाक्यांतलं पाणी वितळलं आणि जिवाला जीव आला.

पण ऊब आली तसं नवं संकट उभं राहिलं. भिंतींवरचं हिम वितळलं आणि सगळीकडे पाणी. वजन नसल्यामुळे पाणी खाली सांडत नाही, ते तारांच्या जुडग्यांवर आणि पॅनेलांच्या मागे चिकटून बसतं. शॉर्ट सर्किटची भीती. हाताला लागेल ते कापड घेऊन दोघं दिवसच्या दिवस पुसत राहिले. २१ जूनला प्रोग्रेस-२४ हे मालवाहू यान निघालं आणि दोन दिवसांनी स्थानकाला जोडलं गेलं. पाणी, इंधन, सुटे भाग सगळं आलं. त्या दिवसापासून मोहीम रुळावर आली असं म्हणता येईल. २ ऑगस्टला दोघं बाहेरही गेले आणि जादा सौर पॅनेलं बसवून आले.

सातारी

मला इथे शर्मासाहेबांचं उड्डाण आठवलं. ३ एप्रिल १९८४ ला सोयूझ-टी-११ मधून ते ज्या स्थानकावर गेले, ते हेच साल्यूत-७. वरून भारत कसा दिसतो या इंदिराजींच्या प्रश्नाला 'सारे जहाँ से अच्छा' हे उत्तर त्यांनी याच स्थानकातून दिलं, आणि वजनरहित अवस्थेतले योगाचे प्रयोगही इथलेच. जिथे आपला माणूस आठवडाभर वावरला, ती जागा वर्षाच्या आत बर्फानं भरली होती, ही गोष्ट शाळेतल्या पुस्तकात आम्हाला कधी कोणी सांगितली नाही. शर्मा खडकवासल्याच्या एनडीएतले, त्यामुळे आमच्या भागात त्यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा.

त्यांच्या जागी राखीव म्हणून रवीश मल्होत्रा होते. त्यांच्या राखीव चमूत रशियन कोण होते?

आकाशमित्र

कमांडर बेरेझोवॉय आणि अभियंता ग्रेच्को. हे तेच ग्रेच्को, जे १९७८ मध्ये साल्यूत-६ वर जानिबेकोव्ह यांचं स्वागत करायला होते. आणि पुढची गंमत ऐका: सप्टेंबर १९८५ मध्ये सोयूझ-टी-१४ मधून नवा चमू साल्यूत-७ वर आला, त्यातही ग्रेच्को होते, आणि सोयूझ-टी-१३ मधून जानिबेकोव्ह यांच्याबरोबर परत आले तेही तेच. साविनिख वरच थांबले, वास्यूतिन आणि वोल्कोव्ह यांच्या सोबतीला. स्थानक रिकामं न ठेवता चमूतली काही माणसं बदलायची, हा आज रोजचा वाटणारा प्रकार तेव्हा पहिल्यांदा झाला.

साविनिख आणि जानिबेकोव्ह यांचीही वर एकदा भेट झाली होती. मार्च १९८१ मध्ये गुर्राग्चांना घेऊन जानिबेकोव्ह गेले, तेव्हा साल्यूत-६ वर कोवाल्योनोक आणि साविनिख राहत होते. एकमेकांच्या कामाची पद्धत दोघांना ठाऊक होती.

गणितवेडी

नटबद्दल मी लिहिते, कारण त्या व्हिडिओंनी खरंच उच्छाद मांडलाय.

प्रोग्रेसमधून आलेलं सामान सोडवताना जानिबेकोव्ह यांनी एक विंग नट बोटानं फिरवून काढला. तो आट्यांवरून सुटला आणि फिरत-फिरत पुढे तरंगत गेला. थोडं अंतर गेल्यावर त्यानं एकदम कोलांटी घेतली आणि उलट्या तोंडानं फिरू लागला, मग पुन्हा कोलांटी. हे सारखं होत राहिलं. त्यांनी ते बारकाईनं पाहिलं, म्हणून परिणामाला त्यांचं नाव पडलं.

गणितात हे जुनं आहे. फ्रेंच गणिती पुआँसो यांनी १८३४ मध्येच फिरणाऱ्या वस्तूंचं हे वागणं मांडलं होतं. कोणत्याही वस्तूला फिरण्याचे तीन मुख्य अक्ष असतात. जडत्वाघूर्ण (त्या अक्षाभोवती वस्तू फिरवायला किती जड जाते त्याचं माप) सर्वांत जास्त असलेल्या आणि सर्वांत कमी असलेल्या अक्षांभोवती ती स्थिर फिरते. मधल्या अक्षाभोवती फिरवली तर अगदी बारीकसा धक्काही वाढत जातो आणि वस्तू उलटते. घरी करून बघायचं असेल तर एखादं जाड पुस्तक रबरबँडनं बांधा आणि तिन्ही दिशांनी फिरवून वर फेका. दोन प्रकारांत ते सरळ फिरत हातात येईल, तिसऱ्यात उलटून येईल.

पृथ्वी उलटणार नाही. विषुववृत्तापाशी फुगलेली असल्यामुळे ती सर्वांत जास्त जडत्वाघूर्णाच्या अक्षाभोवती फिरते, म्हणजे सर्वांत स्थिर अवस्थेत. शिवाय ती अगदी घट्ट नाही. आतल्या घर्षणानं ऊर्जा थोडी-थोडी जात राहते, आणि अशी वस्तू फिरत-फिरत त्याच अक्षाकडे येऊन थांबते. तेव्हा ते व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांना कृपया हे सांगा. एका चांगल्या निरीक्षणाच्या नावानं लोकांना घाबरवणं मला सहन होत नाही.

शेवंती

गणितवेडी, मुलीला पुस्तक फेकून दाखवलं. तिला आता घरातली प्रत्येक वस्तू फेकून बघायची आहे! खूप आभार.

निवांत

एक शंका. एवढा जीव धोक्यात घालून ते स्थानक वाचवायची गरज होती का? पुढच्याच वर्षी मीर हे नवं स्थानक वर गेलं. दोन माणसं पाठवण्यापेक्षा ते सोडून दिलं असतं तर?

आमच्या घरी आजी स्कायलॅब या अमेरिकी स्थानकाची गोष्ट सांगायची. १९७९ साली ते पडणार म्हणून गावोगावी लोक धास्तावले होते. साल्यूत-७ बद्दल तशी भीती होती का?

आकाशमित्र

निवांत, प्रश्न रास्त आहे. साल्यूत-७ जवळपास वीस टनांचं होतं, आणि स्कायलॅबचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडल्याची आठवण ताजी होती. ताब्यात नसलेलं स्थानक केव्हा आणि कुठे पडेल हे कोणी ठरवू शकत नाही. दुसरं म्हणजे मीरचं वेळापत्रक सरकत होतं, आणि स्त्री अंतराळवीरांच्या चमूसकट बरीच कामं साल्यूत-७ वरच ठरलेली होती.

पण माझं मत विचाराल तर सर्वांत मोठी कमाई अनुभवाची. न बोलणाऱ्या, न वळणाऱ्या वस्तूपाशी माणूस स्वतः यान हाकत जाऊ शकतो, हे त्या जूनमध्ये सिद्ध झालं. जानिबेकोव्ह परततानाही स्वस्थ बसले नाहीत. स्थानकापासून सुटल्यावर थेट खाली न येता त्यांनी आणि ग्रेच्को यांनी दिवसभराहून जास्त वेळ पुन्हा स्थानकाजवळ जाण्याच्या चाचण्या केल्या आणि मग २६ सप्टेंबरला उतरले. जे आपल्याला जमलं ते दुसऱ्यालाही जमावं, यासाठी ही खटपट. येस्कमधला शिक्षक त्यांच्यातून कधी गेलाच नाही.

मे १९८६ मध्ये किझिम आणि सोलोव्ह्योव्ह मीरवरून उडून साल्यूत-७ वर गेले, तिथे काम केलं आणि परत मीरवर आले. एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकावर माणसं गेली ती तेव्हाच. ते वाचवलं नसतं तर हे घडलं नसतं. शेवटी स्थानक पडलं ते ७ फेब्रुवारी १९९१ ला, अर्जेंटिनावर.

वायरमन

त्या मोहिमेवरच्या २०१७ च्या रशियन चित्रपटात स्थानकात आग लागते, अमेरिकेचं शटल स्थानक पळवायला येतं वगैरे दाखवलंय. ते खरं नाही ना?

आकाशमित्र

नाही, दादा. तशी आग नव्हती, शटलही आलं नव्हतं. पात्रांची नावंही बदलली आहेत. पडद्यासाठी त्यांनी ते घातलं असेल, पण मला तरी सोळा तारा गोठलेल्या बोटांनी जोडणं हेच जास्त थरारक वाटतं.

सातारी

पुढे काय केलं जानिबेकोव्ह यांनी? पुन्हा गेले का वर?

आकाशमित्र

नाही, १९८५ चं पाचवं उड्डाण शेवटचं. पाच उड्डाणांचे मिळून १४५ दिवसांहून थोडे जास्त. सोव्हिएत संघाचा वीर हा किताब दोनदा मिळाला. १९८५ ते १९८८ अंतराळवीर तुकडीचे प्रमुख होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बलूनमधून पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या एका आंतरराष्ट्रीय प्रयत्नातही उतरले, तो तडीस गेला नाही. आणि चित्रं काढतात. अंतराळाचीच जास्त, टपाल तिकिटांसाठीही त्यांनी चित्रं केली आहेत.

साविनिख यांच्यावर कोणी वेगळा धागा काढेल का? अंतराळात गेलेले ते जगातले शंभरावे, आणि नंतर मॉस्कोच्या भूमापन आणि नकाशाशास्त्राच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. गणितवेडी, तुम्ही मनावर घेतलंत तर फार बरं होईल.

गणितवेडी

घेतलं मनावर. पुढच्या रविवारी टाकते.